गाडीतला पेट्रोलचा वास उन्हाळ्याआधी शोधा

तुमच्या अंगणात जुनी पेट्रोलची गाडी आहे का? वडिलांनी घेतलेली मारुती ८००, आजोबांची पद्मिनी, हौसेनं शोधून आणून पुन्हा उभी केलेली कॉन्टेसा, नाहीतर गोव्यात बनलेली ती दोन सीटांची सॅन स्टॉर्म? असेल तर उद्या सकाळी एक काम करा. गाडी रात्रभर काचा बंद करून ठेवा. सकाळी चावी लावायच्या आधी दार उघडा आणि आत वाकून वास घ्या. स्वतः घेऊ नका, शेजाऱ्याला बोलवा. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय झालेली असते. त्याला तो येतच नाही.

शेजारी म्हणाला, ‘पेट्रोल मारते बाप्पा’, तर गाडी सुरू करू नका. ढकलत सावलीत, उघड्यावर घ्या, घरापासून लांब. आणि आजच मिस्त्रीला फोन करा.

‘जुन्या गाडीला थोडा वास येतोच’ हे आर्वीपासून हिंगणघाटापर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. हे मनातून काढून टाका. कार्बोरेटरची गाडी तापवून बंद केली आणि लगेच बॉनेट उघडलं तर किंचित वास येईल, तेवढं मान्य. पण सीटवर बसलेल्या माणसापर्यंत वास पोचतोय, डिकी उघडली की भपकारा येतोय, पोर्चमध्ये सकाळी वास दरवळतोय, तर पेट्रोल कुठून तरी बाहेर येतंय. त्याला जागा आहे. ती जागा सापडते. शोधली तर.

हे एवढं घाईघाईनं का सांगतोय? मार्च लागला की वर्ध्याचा पारा कसा चढतो ते तुम्हाला कुणी सांगायला नको. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस, यायच्या आधीच तो ४५ च्या घरात जातो. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. पेट्रोलला पेटण्यासारखी वाफ सोडायला उन्हाची गरजच नसते, ते शून्याखाली ४० अंशांवरही वाफ सोडतं. आपल्याकडे तर त्याला मोकळं रानच मिळतं. हवेत या वाफेचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. आणि ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. चुलीचा धूर वर जातो, ही खाली बसते. फरशीवरून सरकते, पायरी उतरते, डिकीच्या खोलगट भागात साचते, सीटखाली थांबते.

आता तुमचा पोर्च डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला गाडी. जिन्याखाली इन्व्हर्टर. दाराजवळ पाण्याच्या मोटरचं बटण. समोर तुळशीपाशी संध्याकाळचा दिवा. दसऱ्याला तर आपण बॉनेटपाशीच कापूर लावतो. पूजा करा, जरूर करा. पण ज्या गाडीला वास येतो तिच्याजवळ कापूर नको, उदबत्ती नको, आणि ती गाडी घराच्या छपराखाली नको.

लेकरांकडे लक्ष द्या. पोरगी गाडीत बसली की अर्ध्या तासात डोकं दुखतं म्हणते, उलटी करते. आपण म्हणतो, तिला गाडी लागते. हातात लिंबू देतो, खिडकीपाशी बसवतो. दर वेळी तेच कारण असेल असं नाही. तीच मुलगी बसमध्ये, दुसऱ्याच्या गाडीत ठीक असते का, एवढं आठवून पाहा. तिथं ठीक असेल तर दोष मुलीत नाही, गाडीत आहे. पेट्रोलच्या वाफेत बेंझिन असतं, ते रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतं. पुढे काय होईल या भीतीनं नव्हे, आजची डोकेदुखी थांबावी म्हणून तरी ती गाडी तपासा. पोटुशी सून, म्हातारी आई, मागच्या सीटवर झोपलेला नातू, यांना त्या वासात बसवू नका.

वास दोन तऱ्हांचे असतात, ते आधी ओळखा. कच्च्या पेट्रोलचा वास म्हणजे गळती. जळक्या धुराचा वास म्हणजे सायलेन्सरचा धूर आत येतोय. दुसरा जास्त फसवा, कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःला वास नसतो. डिकीचं रबर कडक झालं, इंजिन आणि पायाजवळच्या पत्र्यातल्या भोकांचे रबरी बूच गळून पडले, सायलेन्सरच्या जोडावर चीर गेली, की धूर आत शिरायला वाट मिळते. सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून, दोरीनं बांधून लग्नाला निघता ना? तसं निघू नका. मागचा धूर सरळ आत ओढला जातो. आणि उभ्या गाडीत एसी लावून झोपू नका. मंगल कार्यालयाच्या बाहेर ड्रायव्हर झोपलेला दिसला तर त्याला हलवून उठवा. गाडीत बसून डोकं जड झालं, गरगरलं, पोटात ढवळलं, तर गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. कुणी गुंगीत असेल तर वाट पाहू नका, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा, सावंगी जवळ असेल तर तिथलं रुग्णालय.

आता गळतीच्या शोधाला लागा. इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली हवी. गाडी उघड्यावर हवी. बिडी-सिगारेट गेटच्या बाहेर. उजेडासाठी टॉर्च घ्या, पण गाडीपासून लांब असतानाच तो चालू करा. काडी पेटवून टाकीत किती पेट्रोल आहे ते पाहणारे अजूनही आहेत आपल्यात, त्यांना हात धरून थांबवा.

वास कधी येतो, तिथून सुरुवात करा. टाकी फुल केल्यावरच येतो, अर्धी झाली की जातो? मग टाकीचा वरचा भाग पाहा. पेट्रोल भरायचा गळा टाकीला जिथं जोडतो ते जाड रबर, टाकीची हवा बाहेर नेणारी बारीक नळी, आणि काटा दाखवणाऱ्या फ्लोटखालचं पॅकिंग. बऱ्याच गाड्यांत हे पॅकिंग मागच्या सीटखाली असतं. सीट उचला. झाकणाभोवती धूळ ओली किंवा तपकिरी झालेली दिसली तर तिथंच आहे. वळणावर किंवा घाटात वास वाढतो? तोच भाग पुन्हा पाहा.

गाडी तापवून बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी वास येतो? मग पुढे या. कार्बोरेटरमधला फ्लोट किंवा त्याची सुई अडकली की पेट्रोल वाहून बाहेर येतं आणि थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर टपकतं. हा सगळ्यांत वाईट प्रकार. पद्मिनीसारख्या गाडीत एसी पंप, म्हणजे पेट्रोलचा पंप, इंजिनलाच जोडलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल बाहेर न सांडता इंजिन ऑइलमध्ये उतरतं. खाली थेंब नाही, टाकी मात्र लवकर रिकामी. ऑइलची पट्टी काढा आणि हुंगा. ऑइलची पातळी वाढलेली आहे आणि त्याला पेट्रोलचा वास आहे? मग इंजिन सुरू करूच नका. पंप बदला, ऑइल बदला, मगच.

नवतप्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली की पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, हे आपल्या जुन्या ड्रायव्हरांनी रस्त्यावरच शिकून घेतलं होतं. ते ठीक. पण फडकं गुंडाळताना पंपाच्या खाली हात फिरवा. ओल पाण्याची आहे की पेट्रोलची, तेही पाहा.

सकाळी थंड गाडीला वास येतो आणि इंजिन सुरू झाल्यावर वाढतो? मग नळ्या. टाकीपासून इंजिनपर्यंत जाणारी लोखंडी नळी गाडीच्या पोटाखालून जाते. चिखल, खड्डे, दगड, सगळं ती सोसते. ती गंजते तिथं, जिथं चिमट्याखाली माती साचते. चिमटा सोडवून पाहा, वरवर फडकं मारून नको. रबरी पाइप बोटांत धरून वाकवा. बारीक भेगा दिसल्या, टोकं चुरली, पाइप वाळल्या पापडासारखा करकरला, किंवा उलट चिकट आणि फुगलेला लागला, तर तो गेला. एक नाही, सगळेच बदला. एकाच वयाचे आहेत ते.

पेट्रोल उडून जातं, डाग ठेवून जातं. म्हणून ओल दिसली नाही तरी तपकिरी, पिवळट ओघळ शोधा. मळकट इंजिनवर एखादीच जागा धुतल्यासारखी स्वच्छ दिसते का, तेही पाहा. रात्री गाडीखाली जाड पांढरा पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग कुठल्या जागेखाली पडला ते खडूनं आखून ठेवा. टाकीच्या सांध्याभोवती पावडर भुरभुरा. ओल आली की पावडर रंग बदलते. घरातली टाल्कम पावडर चालते, महागडं यंत्र लागत नाही.

२००० नंतरच्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांना वेगळी काळजी लागते. त्यांच्या नळीत पेट्रोल सुमारे तीन बार दाबानं धावतं, टायरमधल्या हवेच्या जवळपास दीडपट. तिथं चीर गेली की थेंब पडत नाही, फवारा उडतो. या गाड्यांना कार्बोरेटरचा स्वस्त पाइप चालत नाही. पाइपावर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं असतं ते वाचून घ्या. छापलेलं काहीच नसेल तर घेऊ नका. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणाला तरी घेऊ नका. इंजेक्टरखालच्या ओ-रिंगा त्याच वेळी बदलून घ्या.

आणखी एक गोष्ट नवी आहे, ती जुन्या गाडीवाल्यांनी नीट ऐका. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. पण पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल आहे, राजरोस. २०२२ च्या जूनपर्यंत देशात १० टक्के इथेनॉल मिसळणं सुरू झालं होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. नव्या गाड्या ते पचवतात. तुमच्या पद्मिनीचा पाइप बनला तेव्हा इथेनॉलचं नावही कुणी घेत नव्हतं. ते जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, पॅकिंग सैल करतं, पाणी ओढून टाकी आतून गंजवतं. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि पॅकिंगं लवकर बदलावी लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही सांगितलं आहे. उसाच्या शेतकऱ्याचं भलं होत असेल तर आनंदच आहे, माझा त्यावर राग नाही. पण पाइपांचा खर्च तुम्हालाच करायचा आहे, आणि तो या महिन्यात करायचा आहे.

दरवर्षी उन्हाळ्यात मोबाइलवर एक निरोप फिरतो, टाकी फुल करू नका, स्फोट होईल. इंडियन ऑइलनं तो खोटा असल्याचं कितीदा सांगून झालं. तो पुढे पाठवण्याची तसदी घेऊ नका. त्याऐवजी शेजाऱ्याच्या गाडीखाली वाकून पाहा. पंपावर नळी आपोआप बंद झाल्यावर मात्र ‘रुपये गोल करा’ म्हणून वरून आणखी ओतून घेऊ नका. वर राहिलेली मोकळी जागा वाफेसाठीच ठेवलेली असते.

शेतकरी भावांनो, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. भाव वाढेल म्हणून कापूस घरात थांबवलेला असतो. देवळीत, समुद्रपुरात, सेलूत किती घरांत पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि बाहेर त्याच भिंतीला टेकून गाडी! त्या कापसात वर्षाची मेहनत आहे, पोरीचं लग्न आहे, सोसायटीचं कर्ज आहे. गाडी तिथून हलवा. आज हलवा. गोठ्यात, जुन्या वखारीत महिनोन्‌महिने उभ्या गाड्यांना उंदीर गाठतात, आणि रबरी पाइप त्यांना फार आवडतो. सहा महिने उभी असलेली गाडी लग्नसराईसाठी बाहेर काढताना आधी चावी लावू नका. पहिलं बॉनेट उघडा.

व्हॅनवाल्या भावांनो, तुमच्याशीही. घरच्या लाल सिलिंडरमधून गाडीत गॅस भरू नका. तोही हवेपेक्षा जड, तोही खाली साचतो, आणि मागे शाळेची पोरं बसलेली असतात. आईबापांनो, सकाळी लेकराला व्हॅनमध्ये बसवताना आत डोकावा, सिलिंडर दिसतो का पाहा, वास घ्या. सीएनजी असेल तर टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली का, पाटीवरची तारीख दाखवायला सांगा. विचारायला लाजू नका. चांगला व्हॅनवाला रागावणार नाही.

१ जुलै २०२३ ची पहाट आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरं विसरू शकत नाहीत. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटली, पेटली आणि २५ जण गेले. त्यांत वर्ध्याची तरुण मुलं होती. ती आग धडकेनंतरची होती, तिची तुलना अंगणातल्या गळतीशी मी करणार नाही. एवढंच म्हणतो की इंधन पेटल्यावर माणसाच्या हातात किती कमी वेळ उरतो, हे आपल्याला दुसऱ्या जिल्ह्यातून शिकायचं राहिलेलं नाही. पेटण्याआधीचा वेळ तेवढा आपला असतो. तो आत्ता आहे.

मिस्त्री भावांनो, तुमच्या हाताशिवाय यातलं काही होणार नाही. टाकीच्या भोकावर साबण घासून गाडी चार किलोमीटर नेणं समजू शकतो. तो साबण तसाच ठेवून गाडी परत देऊ नका. एम-सील लावून ‘चालते आता’ म्हणू नका. टाकी वेल्डिंगला नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातकी, आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. पाइप तोंडात धरून पेट्रोल ओढू नका, पोरगं शिकाऊ असलं तर त्यालाही ओढू देऊ नका. पोटात गेलं तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या. चिमटा पिळून पिळून रबर कापू नका. प्लास्टिकचा फिल्टर मॅनिफोल्डच्या बाजूला लटकवू नका. आणि गिऱ्हाईक पैशासाठी कुरकुरलं तर त्याला खाली वाकवून ओघळ दाखवा. पटेल त्याला.

पैशाचंही बोलून टाकतो. कार्बोरेटरच्या गाडीचे पाइप आणि चिमटे काही शे रुपयांत येतात. जुन्या गाडीला नवा रंग, नवे व्हील, मोठे स्पीकर यांवर आपण किती घालतो ते प्रत्येकानं मनातल्या मनात मोजावं. हौशी दादांनो, सॅन स्टॉर्मसारख्या गाडीची बॉडी फायबरची आहे, पत्र्याची नाही, ती पेटते. तिचं सौंदर्य पॉलिशनं टिकत नाही, आधी पाइप. आरटीओचा फिटनेसचा कागद आला, एमएच ३२ ची पाटी पुन्हा चमकली, म्हणून खालचा पाइप नवा होत नाही.

गाडीत पुढच्या सीटखाली एबीसी पावडरचं छोटं अग्निशामक नळकांडं ठेवा. डिकीत नको, आग लागली की डिकीपर्यंत जाता येत नाही. त्याचा काटा हिरव्यात आहे ना, ते महिन्यातून एकदा पाहा. बॉनेटमधून धूर दिसला तर गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवा, आधी लेकरं. बॉनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की ज्वाला तोंडावर येते. फटीतून पावडर मारा. पेट्रोलवर पाणी ओतू नका, वाळू किंवा माती टाका. एका नळकांड्यात विझलं नाही तर लांब व्हा, १०१ किंवा ११२ लावा, गाडी जाऊ द्या. कुणी भाजलं तर वीस मिनिटं साधं थंड पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. १०८ ला फोन करा.

काम झाल्यावर लगेच लग्नाला निघू नका. बॅटरी जोडा, इंजिन दहा मिनिटं उभ्या गाडीत चालू ठेवा आणि एकानं बाहेरून प्रत्येक जोड पाहावा. मग एकट्यानंच पवनारपर्यंत जाऊन या. परतल्यावर गरम गाडीखाली पुन्हा वाका. रात्री पुठ्ठा पसरा. सकाळी पुठ्ठा कोरडा, शेजाऱ्याच्या नाकाला काही नाही, ऑइलच्या पट्टीला वास नाही, असं तिन्ही जमलं की मागचं दार उघडा आणि पोरांना बसवा.